रिकार्डोचं कापड, रानड्यांची शंका

बारावीला विदेशी व्यापाराचा धडा आला की मी पुस्तक मिटतो आणि फळ्यावर चार आकडे लिहितो. 1817 साली डेव्हिड रिकार्डोने मांडलेले. ठरावीक कापडासाठी इंग्लंडला वर्षभर 100 माणसं लागतात, पोर्तुगालला 90. ठरावीक वाइनला इंग्लंडला 120, पोर्तुगालला फक्त 80.

लगेच कुणीतरी म्हणतं, “सर, पोर्तुगाल दोन्हींत भारी. त्याने इंग्लंडकडून काही घ्यावंच कशाला?”

खडू त्याच्याच हातात द्यायचा. दोन्ही घरीच केलं, तर पोर्तुगालची 170 माणसं खपतात. नुसती वाइन दुप्पट काढून निम्मी कापडाशी बदलली, तर 160. इंग्लंडचीही 220 ऐवजी 200. व्याख्या घोकून मार्क मिळतात, पण हे गणित स्वतः सोडवलेलं पोर पुढे कुठल्याही बातमीला विचारतं, ‘त्यासाठी सोडलं काय?’

मग एखादी मुलगी हात वर करते. “म्हणजे आपण कापूसच पिकवत बसायचं होतं?” एवढ्याचसाठी सगळा खटाटोप असतो!

न्यायमूर्ती रानडे 1892 मध्ये डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात याच शंकेवर बोलले. डेक्कन कॉलेजात लोक टिळकांची खोली बघायला जातात, जावंच. पण येरवड्याच्या त्या दगडी इमारतीत शिरलो की मला रानडेच आठवतात. इंग्रज अर्थशास्त्रज्ञांचे नियम स्थळकाळाच्या चौकटीतले आहेत, सृष्टीनियमांसारखे सर्वत्र लागू नाहीत, हे त्यांनी सरकारी नोकरीत असताना सांगितलं. पुढच्याच वर्षी ते मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले. जर्मनीचा लिस्ट, अमेरिकेचा हॅमिल्टन यांचे दाखले त्यांनी दिले. रिकार्डोचं गणित आजची कुवत मोजतं; उद्या कुवत वाढवता येईल का, हे त्यात येत नाही. रानड्यांचा रोख तिथे होता. नुसत्या जकातीवर ते थांबत नव्हते. उद्योगाला भांडवल मिळावं, सरकारने हात द्यावा, असं त्यांचं म्हणणं. जावातल्या डच सरकारी शेतीपद्धतीचं मात्र त्यांनी जरा जास्तच कौतुक केलं. तिथल्या कुळांचे हाल डच लेखक मुलतातुलीच्या कादंबरीने 1860 मध्येच वेशीवर टांगले होते.

बाकी पुण्याचा इतिहास थोडक्यात: 1905 ची विदेशी कापडाची होळी, 1911 मध्ये साखरेवरच्या जकातीबद्दल बोलताना गोखल्यांनी योग्य आणि अयोग्य संरक्षणात केलेला फरक, 1930 ची गोखले संस्था, तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. धड्याला एवढं पुरे.

कारण आता कांदा हवा. ऑगस्ट 2023 मध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क, डिसेंबरात थेट बंदी. चाकणकडची शेतकऱ्यांची मुलं तावातावाने बोलतात, कोथरूडची भाजीच्या बिलाचं सांगतात. माझ्या मते निर्यातबंदी म्हणजे शेतकऱ्याच्या खिशातून शहराला दिलेलं अनुदान, पण हे मी शेवटी सांगतो. आधी हिशेब. 4 मे 2024 ला बंदी उठली, पण टनाला 550 डॉलर किमान निर्यातमूल्य आणि वर 40 टक्के शुल्क राहिलं. म्हणजे 770 डॉलर. 83 रुपयांनी किलोला साधारण 64 रुपये, आणि यात जहाजाचं भाडं धरलेलंच नाही. या भावाने आपला कांदा कोण घेईल, आणि न घेणारा कोणाकडे जाईल? सप्टेंबर 2024 मध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क 20 टक्क्यांवर आलं. 1 एप्रिल 2025 पासून तेही गेलं. मधल्या काळात दुसरीकडे वळलेलं गिऱ्हाईक परत आणायला किती खर्च येतो, हा पुढच्या तासाचा गृहपाठ.