सिनेमा पाहिला, आता मैदानाचे पाहू

हातावर पोट असलेल्या घरात सिनेमाचा विषय निघाला की पहिला प्रश्न पैशांचा येतो. दवनीवाड्यासारख्या गावातून चौघांनी गोंदियाला जाऊन सिनेमा पाहायचा म्हणजे जाण्यायेण्याचे भाडे, चार तिकिटे, पोरांचा खाऊ आणि वर बुडालेली एका दिवसाची मजुरी. रोवणीच्या आणि धान कापणीच्या दिवसांत तर हा विचारही मनात येत नाही. शिवाय पुरुष मंडळींनी सिनेमाला जायचे आणि बायकांनी घर सांभाळायचे, ही जुनी रीत. तेव्हा वर्षाकाठी एखादाच सिनेमा पाहायचा असेल, तर तो सहकुटुंब पाहावा आणि पारखून निवडावा.

नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा असा सिनेमा आहे. ४ मार्च २०२२ रोजी तो प्रदर्शित झाला. गोष्ट आपल्या नागपूरची. हिस्लॉप कॉलेजातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ च्या सुमारास झोपडपट्टीतल्या मुलांना पावसात एक मोडकी बादली लाथाडत खेळताना पाहिले. त्यातून ‘झोपडपट्टी फुटबॉल’ उभा राहिला. पुढे बेघरांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेपर्यंत ही मुले पोहोचली. २०१४ साली ‘सत्यमेव जयते’ या दूरदर्शन मालिकेतूनही हे काम देशाने पाहिले. सिनेमात बारसे सरांवर बेतलेली भूमिका अमिताभ बच्चन यांनी केली, पण खरे नायक ठरले ते वस्तीतले पोर. ‘डॉन’ साकारणारा अंकुश गेडाम नागपूरचाच.

या सिनेमात वस्तीत भीमजयंती साजरी होते आणि बच्चन बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे हात जोडतात. आपल्या घराच्या भिंतीवरची तसबीर एवढ्या मोठ्या पडद्यावर पाहून किती आयाबायांचे डोळे भरून आले असतील! हिंदी सिनेमाने हे दृश्य दाखवायला फार वर्षे घेतली.

त्याआधी २००१ साली ‘लगान’ आला होता. त्यातही आपला माणूस खेळतो, पण त्याचे नाव ‘कचरा’. तो फारसे बोलत नाही. त्याची बाजू दुसरा मांडतो, तेव्हा त्याला संघात जागा मिळते. खऱ्या इतिहासात मात्र तसा एक थोर गोलंदाज होऊन गेला. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात ते खेळपट्टीची निगा राखत आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करीत. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरहून अधिक बळी घेतले. त्यांच्या चेंडूवर संघ जिंकत असे, पण चहा त्यांना वेगळ्या भांड्यात, मंडपाबाहेर मिळे. हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळाले. मुलांना ‘लगान’ दाखवावा, पण बाळूंची हकिकतही सांगावी.

‘झुंड’ आपल्या माणसांचे दोष झाकत नाही. त्यातली पोरे नशा करतात, चोऱ्या करतात, हाणामाऱ्या करतात. पंचशीलातले पाचवे शील आपण वंदनेत रोज म्हणतो. ते मोडले की घराचे काय होते, हे पोरांना इथे डोळ्यांनी दिसते. चेंडू हाती आला आणि कोणीतरी विश्वास टाकला, की हीच पोरे कशी बदलतात, तेही दिसते. उपदेशाने जे साधत नाही, ते असे साधते.

आयांनी एक गोष्ट विशेष पाहावी. रिंकू राजगुरू हिने साकारलेली आदिवासी मुलगी खेळात तरबेज, पण परदेशी जायला लागणारे कागद तिच्याजवळ नाहीत. तिचा बाप ओळखीच्या पुराव्यासाठी दारोदार हिंडतो. हे काही पडद्यावरचेच दुःख नाही. जन्मदाखला, जातीचा दाखला, शाळेतले नाव यांत एका अक्षराचा फरक पडला, तरी आपल्या मुलांची संधी हुकते. सिनेमाहून घरी आल्यावर पेटी उघडून मुलांचे कागद तपासावेत. तिकिटाचे पैसे तिथेच वसूल होतील.

दुसरे काम गावाचे. मुलगा धुऱ्यावर, रस्त्यावर कुठेही खेळतो. मुलगी वयात आली की तिचा खेळ सुटतो. शाळा सुटल्यावर तासभर मुलींना कबड्डी, खो-खो खेळता येईल अशी मोकळी जागा राखावी आणि बुद्धविहाराच्या बैठकीत हा विषय जरूर घ्यावा. जयंतीच्या वर्गणीतून एखादा फुटबॉल, एखादे जाळे घेतले, तर बाबासाहेबांना ते नक्कीच आवडले असते. मिरवणूक एक दिवस चालते, चेंडू वर्षभर.

खेळणारे मूल हरायला शिकते आणि हरून पुन्हा उठायलाही. अशा मुलांपुढे कोणतीही भिंत फार दिवस टिकत नाही.