सदोष सेक्टर आणि त्रुटित पाठ

हस्तलिखितांच्या संग्राहकांस कसर, वाळवी व ओल यांचा परिचय करून देण्याचें कारण नाहीं. परंतु आतां पुष्कळ नकला संगणकाच्या डिस्कवर राहतात व तिलाही स्वतःची कसर लागते. आमच्या एका स्नेह्यांची बखर वाळवीनें गेली. तिची रोमन लिपींतील नक्कल तेवढी एका जुन्या युनिक्स यंत्रावर उरली होती. ती वाचतांना यंत्र मध्येंच अडूं लागलें, म्हणून आम्हांस या विषयांत शिरावें लागलें.

अशा जुन्या यंत्राच्या डिस्कवरील मजकूर ५१२ बाइटांच्या सेक्टरांत सांठविलेला असतो. रोमन अक्षरास एक बाइट लागतो. म्हणजे एक सेक्टर बिघडला कीं ५१२ अक्षरें गेलीं. बर्कले येथें १९८६ सालीं सिद्ध झालेल्या ४.३ बीएसडी या युनिक्समध्यें यावर दोन उपाय आहेत. पहिला ‘बॅड१४४’. यांत सदोष स्थळांची यादी डिस्कच्या शेवटच्या ट्रॅकवर, पहिल्या ५ सम सेक्टरांत, ५ वेळां लिहिलेली असते. एक प्रत खराब झाली तर दुसरी उपयोगीं पडते. अशा १२६ पर्यंत सेक्टरांस बदली जागा देतां येते. दुसरा ‘बॅडसेक्ट’. एक ‘बॅड’ डिरेक्टरी करून तींत सदोष सेक्टराच्या क्रमांकाची फाइल निर्माण करावयाची व नंतर ‘एफएससीके’ चालवावयाचा. तो सदोष ब्लॉक राखून ठेवावा काय असें विचारतो. त्यास होकार द्यावा. तीच जागा जुन्या फाइलींतही आढळल्यास जुनी फाइल काढावी, ‘बॅड’मधील कधींही काढूं नये, कारण ती त्या जागेवरील पहारा होय.

येथेंच संग्राहकाची फसगत होते. हे उपाय जागा बंद करणारे आहेत, पाठ परत देणारे नव्हेत. दुसऱ्यांत तर मूळ फाइलच नाहींशी करावी लागते. यास्तव आधीं ‘डीडी’ या आज्ञेनें नक्कल घ्यावी. तिला केवळ ‘नोएरर’ सांगितलें तर न वाचलेला भाग गळतो व पुढील मजकूर मागील मजकुरास चिकटतो. सोबत ‘सिंक’ सांगितलें तर तेवढीच जागा शून्यांनीं भरली जाते. 

पहिल्या घाईंत आम्हीं ‘सिंक’ न सांगतां ती फाइल उतरविली. परिणाम असा कीं, एका सरदाराची स्वारी दुसऱ्याच्या नांवावर गेली; आणि वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष! पाठ जुळत नाहींसा पाहून आम्हीं सबंध डिस्क ५१२ बाइटांच्या मापानें, ‘सिंक’सह, पुनः उतरविली. तेव्हां दोनच सेक्टरांची रिकामी जागा उघडी पडली व स्वारी कोणाची हें अनिर्णीत ठरलें.

फाटक्या पानापुढें जागा न सोडणाऱ्या नकलकारास आपण दोष देतों. तोच दोष आपल्या हातून न व्हावा. जेथें पाठ गेला तेथें तुटक रेषा घालावी, सेक्टराचा क्रमांक नोंदवावा, आणि मगच डिस्कची डागडुजी करावी.