पहिली पसंती, दुसरी पसंती

मराठीच्या अध्यापकाने मतमोजणीच्या गणितात शिरावे, हे थोडे धाष्टर्याचेच. परंतु सीमाभागात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना हा विषय परका नाही.

१९६९ च्या ऑगस्टमध्ये वराहगिरी वेंकट गिरी राष्ट्रपती झाले. ‘गिरी दुसऱ्या पसंतीवर निवडून आले’ असे आजही म्हटले जाते. ते अर्धेच खरे. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डींना ३,१३,५४८ आणि चिंतामणराव देशमुखांना १,१२,७६९ इतके मतमूल्य मिळाले. विजयास निम्म्याहून अधिक, म्हणजे ४,१८,१६९, आवश्यक होते. ते कोणासच न मिळाल्यामुळे तळाचे उमेदवार क्रमाने बाद होत गेले व त्यांच्या मतपत्रिका पुढील पसंतीकडे वळल्या. सर्वांत शेवटी बाद झाले ते देशमुख. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडणारे आपले चिंतामणराव. या फेरवाटपात रेड्डींना ९१,८७९ मिळाले, गिरींना अवघे १८,५६२. म्हणजे दुसरी पसंती बव्हंशी रेड्डींचीच होती! मात्र गिरींना उणे होते केवळ १६,६५४. ते भरून निघाले आणि ४,२०,०७७ वर त्यांचा विजय झाला.

आपल्या विधानसभेच्या निवडणुकीत अशी सोय नाही. तेथे सर्वाधिक मते मिळवणारा विजयी, मग विरोधात कितीही असोत. २०१८ साली खानापुरात समितीचे दोन उमेदवार एकमेकांसमोर उभे राहिले, मराठी मते दुभंगली आणि जागा गेली. एकाच घरातील दोन भावांनी दोघांना मते दिली असतील, तर दुसरी पसंती नोंदवायला त्यांना कागदावर जागाच नव्हती.

तरीही पसंतिक्रम हा रामबाण उपाय आहे, असे मी म्हणणार नाही. समजा, एकवीस मतदार आहेत. आठांचा क्रम क, ग, ख. सातांचा ख, ग, क. सहांचा ग, ख, क. नेहमीच्या पद्धतीने आठ मते घेऊन क जिंकतो. तळाचा बाद करीत गेल्यास ग प्रथम जातो, त्याची सहा मते ख कडे येतात आणि ख तेरा मतांनी विजयी होतो. परंतु समोरासमोरच्या लढतीत ग हा क ला तेरा विरुद्ध आठ आणि ख ला चौदा विरुद्ध सात असा हरवतो. मते तीच, विजेते तीन! समोरासमोरच्या या कसोटीचा पुरस्कार फ्रेंच विचारवंत काँदोर्से याने १७८५ साली केला. परंतु अशा लढतींत कधीकधी क ख ला, ख ग ला आणि ग पुन्हा क ला हरवतो, हेही त्यानेच दाखवले. माझा कौल तरीही पसंतिक्रमालाच आहे, कारण त्यात समविचारी माणसांना एकमेकांच्या मुळावर यावे लागत नाही. अर्थात १९९६ च्या बेळगाव लोकसभेसारखे ४५६ उमेदवार असतील, तर क्रम लावता लावता रात्र व्हायची.

श्रोत्यांतील शिक्षक व पदवीधर विधान परिषदेसाठी याच पद्धतीने मतदान करतात. तेथे ‘१’ हा आकडा अनिवार्य आहे. त्याऐवजी बरोबरची खूण केल्यास मत बाद होते. पुढील आकडे ऐच्छिक आहेत. परंतु ते न लिहिल्यास आपला उमेदवार बाद होताच आपली मतपत्रिकाही मोजणीतून बाहेर पडते. १९६९ साली अखेरच्या फेरीपर्यंत १०,८३३ इतके मूल्य असेच गळून गेले होते.