गावाचं नाव, हाताचं काम – भाग ६ : मिरजेचा तंबोरा कुठला?

‘तुमच्या कामात तुमचं गाव कुठं दिसतं?’ असं कारागिराला थेट विचारलं, तर बहुतेक वेळा पाठ झालेलं उत्तर मिळतं. पत्रकार, पाहुणे, अधिकारी सगळ्यांनी तेच विचारलेलं असतं. म्हणून प्रदेश आणि कारागीर यांचं नातं अभ्यासणाऱ्यानं वस्तूपासून सुरुवात करावी. तिच्या एकेका भागाचा पत्ता विचारावा. त्या दृष्टीनं आज मिरजेच्या तंबोऱ्याकडे पाहू.

त्याचा भोपळा मिरजेचा नसतो. तो येतो मंगळवेढा-पंढरपूरच्या पट्ट्यातून. भाजीचा नव्हे, कडू आणि जाड सालीचा. तो पूर्ण वाळू द्यावा लागतो. कारखान्यात आल्यावर त्याला पाण्यात भिजवतात, कापून आतला गर आणि बिया काढतात, तोंडाला काठ्यांचा ताण देऊन आकार धरून ठेवतात. लाकूड बरंचसं कर्नाटकातून येतं. म्हणजे दांडी एका राज्याची, भोपळा दुसऱ्या जिल्ह्याचा. बरं, याच पट्ट्यातला भोपळा कोलकात्याच्या सतारकारांकडेही जातो आणि तिथं वेगळ्या घाटाचं वाद्य होतो. तेव्हा माती हे एकच उत्तर पुरत नाही.

मग मिरज कुठं आहे? मला वाटतं, ती सगळ्यात जास्त जवारीत आहे. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा वरवर सपाट दिसतो, पण त्याला अगदी हलका उतार असतो. कंप पावणारी तार त्या उताराला पुन्हापुन्हा स्पर्श करते आणि त्या स्पर्शातून वरचे सूर जागे होतात. कारागीर कानशीनं माथा घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. मग तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवत नेमकी जागा शोधतो. केसभर पुढं गेला तरी आवाज बसतो. कुणाला जवारी खुली हवी असते, कुणाला गोल. हे मोजपट्टीवर ठरत नाही, गाणाऱ्याच्या गळ्यावर ठरतं. ज्या गावात गाणारे नाहीत, तिथं हा कान तयार होणं अवघड.

मिरजेत गाणारे होते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णू दिगंबर पलुसकर इथंच शिकले. किराण्याहून आलेले अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) इथं स्थायिक झाले. मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे, आणि त्यांच्या स्मृतीसाठी तिथं आजही गायक-वादक हजेरी लावतात. अशा ठिकाणी कारागिराच्या हातून निघालेल्या वाद्याची परीक्षा गल्लीतच होते. तक्रारही तिथंच येते.

म्हणून अभ्यासकाला माझं सांगणं असं, की विक्रीपेक्षा दुरुस्तीची चौकशी करा. विकलेलं वाद्य कुठंही जातं. दुरुस्तीला ते जिथून परत येतं, तिथपर्यंत त्या गावाचा शब्द चालतो. कोणत्या शहरांतून तंबोरे जवारीसाठी येतात, कोण स्वतः घेऊन येतं, कोण पार्सलनं पाठवतं, आजोबांनी बनवलेलं वाद्य नातवाच्या हाती आलं तर तो ते ओळखतो कशावरून? या प्रश्नांची तयार उत्तरं नसतात, त्यामुळं माणसं खरं बोलू लागतात.

उगमाची कथा मात्र जपून घ्यावी. मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, शस्त्रांना धार लावणारे. शस्त्रांची मागणी ओसरली तेव्हा त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी वाद्यांकडे मोर्चा वळवला, असं सांगितलं जातं. ही कथा घराण्यांनी जपलेली आठवण म्हणून मोलाची आहे. तिची वही तपासता येत नाही म्हणून ती टाकून देऊ नये. कोण सांगतं, कोणतं नाव पुढं येतं आणि कोणतं मागं राहतं, तेही टिपावं.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. १९९९ च्या कायद्यानं ही सोय केली आहे. नक्कल रोखायला तिचा उपयोग होतो आणि तो व्हायलाच हवा. पण मानांकनाला नकाशावर रेघ लागते, आणि तंबोरा त्या रेघेत मावत नाही. भोपळा पिकवणारा शेतकरी एक वर्ष पीक बदलून ऊस लावतो, तेव्हा मिरजेतल्या कारखान्याची घडी विस्कटते. कौतुकात मात्र त्याचं नाव कुठंच नसतं. मला हे खटकतं. मिरजेवर लिहिणाऱ्यानं एक दिवस तरी मंगळवेढ्याच्या शेतात काढावा. भोपळ्याचं बी कोण राखून ठेवतं, कोणता घेर कुणासाठी बाजूला ठेवतात, भाव कोण ठरवतं, हे तिथं कळेल.

पुढच्या आठवड्यात कोल्हापुरी चप्पल. तिचं २०१९ चं मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून आठ जिल्ह्यांना आहे. त्यातले चार जिल्हे सीमेपलीकडचे आहेत, आणि तिथले कारागीर ‘कोल्हापुरी’ हे नाव कसं वापरतात, तिथून सुरुवात करू.