क्वेबेकमधील फ्रेंच भाषाप्रश्न व जीवनमान

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील फ्रेंच भाषिकांनी आपली भाषा टिकविण्यासाठी केलेले राजकारण आणि त्याचा त्यांच्या राहणीमानाशी असलेला संबंध. २०२१ च्या जनगणनेनुसार क्वेबेकची लोकसंख्या सु. ८५ लक्ष असून तीपैकी ७७·५ टक्के लोक घरी प्रामुख्याने फ्रेंच बोलतात. संपूर्ण कॅनडात मात्र हे प्रमाण १९·२ टक्केच आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांसह सबंध उत्तर अमेरिका विचारात घेतल्यास ते याहून पुष्कळच घटते. आपल्या प्रांतात बहुसंख्य, पण देशात व खंडात अल्पसंख्य अशा दुहेरी स्थितीमुळे या समाजात भाषेचा प्रश्न आणि उपजीविकेचा प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : सेंट लॉरेन्स नदीच्या खोऱ्यातील फ्रेंच वसाहत १७५९ च्या लढाईनंतर इंग्रजांच्या ताब्यात गेली व १७६३ च्या पॅरिसच्या तहाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. १७७४ च्या क्वेबेक अधिनियमाने फ्रेंच दिवाणी कायदा आणि रोमन कॅथलिक धर्माचे स्वातंत्र्य मान्य करण्यात आले. फ्रेंच भाषिकांनी इंग्रजांच्या समाजात विलीन व्हावे, अशी शिफारस लॉर्ड डरॅम याने १८३९ च्या आपल्या अहवालात केली. परंतु ती सफल झाली नाही. १८६७ च्या राज्यघटनेने संघीय संसदेत आणि क्वेबेकचे विधिमंडळ व न्यायालये यांत दोन्ही भाषांच्या वापरास मुभा दिली.

यानंतर सु. शंभर वर्षे भाषेचे रक्षण मुख्यतः चर्च, शेती आणि मोठी कुटुंबे यांवर अवलंबून राहिले. या मोठ्या कुटुंबांच्या बळावर टिकून राहण्यास ‘पाळण्यांचा सूड’ असे म्हटले जाई. तथापि शेतजमीन अपुरी पडू लागल्याने १८४० ते १९३० या काळात सु. नऊ लक्ष लोक न्यू इंग्लंडमधील कापडगिरण्यांत कामासाठी गेले. तेथे त्यांना रोख मजुरी मिळाली. पण त्यांची भाषा मात्र काही पिढ्यांतच बव्हंशी लोप पावली. क्वेबेकच्या पुढील राजकारणावर या अनुभवाची छाया कायम राहिली.

आर्थिक विषमता : विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत माँट्रिऑल शहरातील बँका, विमा कंपन्या, रेल्वे व मोठे उद्योग यांची व्यवस्थापनाची भाषा इंग्रजी होती. फ्रेंच भाषिक कामगारास बढतीसाठी इंग्रजी शिकावे लागे. इंग्रजी भाषिक व्यवस्थापकास मात्र फ्रेंचची गरज भासत नसे. १९६३ मध्ये नेमलेल्या द्वैभाषिकत्व व द्विसंस्कृती आयोगाने १९६१ च्या जनगणनेच्या आधारे या विषमतेची मोजणी केली. क्वेबेकमधील फ्रेंच वंशाच्या पुरुषांचे सरासरी उत्पन्न ब्रिटिश वंशीयांच्या सु. दोन-तृतीयांश होते आणि चौदा वांशिक गटांत त्यांचा क्रम बारावा होता. एवढेच नव्हे, तर केवळ इंग्रजी जाणणारी व्यक्ती दोन्ही भाषा जाणणाऱ्या फ्रेंच वंशाच्या व्यक्तीपेक्षा अधिक मिळवीत असे. यावरून बहुसंख्याकांची भाषा त्यांच्याच प्रांतात आर्थिक दृष्ट्या गौण होती, हे स्पष्ट झाले.

शांततामय क्रांती : १९६० मध्ये झां लसाज यांचे लिबरल सरकार सत्तेवर आले व ‘शांततामय क्रांती’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कालखंडास आरंभ झाला. ‘आपल्या घरी आपणच धनी’ या घोषणेवर १९६२ ची निवडणूक जिंकून सरकारने खाजगी वीज कंपन्या ताब्यात घेतल्या. १९६४ मध्ये शिक्षण मंत्रालय आणि १९६५ मध्ये निवृत्तिनिधीची गुंतवणूक करणारी सार्वजनिक संस्था स्थापन झाली. शाळा व रुग्णालये यांचा कारभार चर्चकडून शासनाकडे आला. सार्वजनिक क्षेत्रात अभियंते, प्रशासक व वित्ततज्ज्ञ यांना फ्रेंच भाषेतूनच वरच्या पदापर्यंत जाण्याचा मार्ग खुला झाला.

भाषाविषयक कायदे : याच काळात जननप्रमाण झपाट्याने घटले आणि ‘पाळण्यां’चा आधार संपला. बाहेरून येणाऱ्या स्थलांतरितांची मुले बहुतांशी इंग्रजी शाळांत जात. माँट्रिऑलजवळील सेंट लिओनार्ड येथे १९६७–६९ मध्ये इटालियन कुटुंबांच्या मुलांच्या शालेय माध्यमावरून तीव्र संघर्ष झाला. १९७४ मध्ये रॉबेर बूरासा यांच्या सरकारने फ्रेंच ही प्रांताची राजभाषा ठरविली. रने लेव्हेक यांच्या पार्ती क्वेबेक्वा पक्षाच्या सरकारने १९७७ मध्ये ‘फ्रेंच भाषेची सनद’ हा अधिक कडक कायदा संमत केला. त्यानुसार स्थलांतरितांच्या मुलांना फ्रेंच शाळा सक्तीच्या झाल्या. पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या उद्योगांत फ्रेंच ही कामकाजाची भाषा ठरली आणि दुकानांच्या पाट्या केवळ फ्रेंचमध्ये लावणे बंधनकारक झाले.

या कायद्याच्या काही तरतुदी न्यायालयांनी रद्द केल्या. केवळ फ्रेंच पाट्यांची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये अवैध ठरविली. १९९३ पासून फ्रेंच मजकूर ठळकपणे प्रधान असल्यास अन्य भाषेसही मुभा मिळाली. सार्वभौमत्वाच्या प्रश्नावर १९८० मध्ये घेतलेल्या सार्वमतात ५९·५६ टक्के, तर १९९५ मध्ये ५०·५८ टक्के मते विरोधात पडली. २०२२ च्या कायद्याने कामकाजाच्या भाषेची तरतूद पंचवीस वा अधिक कर्मचारी असलेल्या उद्योगांना लागू करण्याचे ठरविले.

परिणाम : क्वेबेकमधील फ्रेंच व इंग्रजी भाषिकांच्या उत्पन्नांतील जुनी तफावत १९८० पर्यंत बरीच कमी झाली व पुढे जवळजवळ नाहीशी झाली. शिक्षणाचा प्रसार, सार्वजनिक क्षेत्राची वाढ, फ्रेंच भाषिकांच्या मालकीचे उद्योग आणि भाषाविषयक कायदे ही त्याची कारणे होत. यांपैकी कायद्यांचा वाटा किती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. या बदलाची किंमतही मोजावी लागली. १९७६ नंतरच्या पाच वर्षांत एक लाखाहून अधिक इंग्रजी भाषिक इतर प्रांतांत गेले; सन लाइफ या विमा कंपनीने १९७८ मध्ये आपले मुख्यालय टोराँटोस हलविण्याचा निर्णय जाहीर केला. जाणाऱ्यांत उच्च उत्पन्नाचे अनेक लोक असल्याने सरासरीतील अंतर कमी होण्यास त्यामुळेही काही अंशी हातभार लागला. तसेच क्री, इन्यूइट इ. मूळ रहिवाशांच्या भाषांचा प्रश्न फ्रेंच–इंग्रजी वादात दुय्यम राहिला.

शेजारी प्रदेशांशी तुलना : दरडोई उत्पादनात क्वेबेक आँटॅरिओ प्रांताच्या मागे आहे आणि समानीकरणासाठी संघराज्य प्रांतांना देत असलेल्या अनुदानाचा सर्वांत मोठा वाटा त्यास मिळतो. करांचे प्रमाण अधिक असून रुग्णालयांतील तातडीच्या विभागांत दीर्घकाळ ताटकळावे लागते, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. उलटपक्षी जलविद्युत स्वस्त आहे, विद्यापीठांचे शुल्क कमी आहे आणि उत्पन्नाची वाटणी आँटॅरिओपेक्षा अधिक सम आहे. १९९७ मध्ये दिवसाला पाच डॉलर शुल्काची बालसंगोपन योजना सुरू झाली. तिच्यामुळे लहान मुलांच्या मातांना नोकरी करणे सुकर झाले. एकेकाळी कॅनडात सर्वाधिक बालमृत्यू असलेल्या प्रांतांत गणल्या जाणाऱ्या क्वेबेकचे सरासरी आयुर्मान २०२१ मध्ये सु. ८३ वर्षे होते. त्याच वर्षी संयुक्त संस्थानांचे ७६·४ वर्षे होते.

प्रांताबाहेरील फ्रेंच भाषिकांची स्थिती मात्र अधिक नाजूक आहे. आँटॅरिओने १९१२ मध्ये शाळांतील फ्रेंच माध्यमावर कडक निर्बंध घातले होते. १९९७ मध्ये ओटावातील माँफोर हे फ्रेंच भाषिक रुग्णालय बंद करण्याचे ठरले. मोठ्या जनआंदोलनानंतर प्रांताच्या अपील न्यायालयाने २००१ मध्ये त्याच्या बाजूने निर्णय दिला. आजारपणात आपल्या भाषेत बोलता येणे हा जीवनमानाचाच भाग होय, हे या प्रकरणाने दाखवून दिले. सु. एक-तृतीयांश फ्रेंच भाषिक असलेल्या न्यू ब्रन्सविकमध्ये लुई रोबिशो यांच्या सरकारने गरीब ग्रामीण भागांस समान शाळा व आरोग्यसेवा पुरविल्या आणि १९६९ मध्ये दोन्ही भाषांना राजभाषेचा दर्जा दिला.

न्यू इंग्लंडला गेलेल्यांना मजुरी मिळाली, पण भाषा गमवावी लागली. क्वेबेकमध्ये राहिलेल्यांनी भाषा राखली, परंतु दीर्घकाळ दारिद्र्य सोसले. १९६० नंतरच्या राजकारणाने दोन्ही एकत्र साधता येतात, हे बऱ्याच अंशी सिद्ध केले. तथापि घरी प्रामुख्याने फ्रेंच बोलणाऱ्यांचे क्वेबेकमधील प्रमाण २०१६ मध्ये ७९ टक्के होते, ते पाच वर्षांत ७७·५ टक्क्यांवर आले. त्यामुळे उत्पन्नाचा प्रश्न पुष्कळसा सुटला असला, तरी भाषेच्या भवितव्याविषयीची चिंता कायम आहे.