पिंगुळीची पोथी आणि भिंतीवरची चौकट

कुडाळहून वेंगुर्ल्याकडे जाताना लागणारं पिंगुळी बहुतेकांना राऊळ महाराजांच्या मठामुळे ठाऊक असतं. त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. याच गावातलं ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ मात्र अनेकांच्या वाटेत येत नाही. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यात हे संग्रहालय थाटलं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाल्यावर चार लोक वाट वाकडी करू लागले. इथे कळसूत्री बाहुल्या आहेत, चामड्याच्या बाहुल्या आहेत, पण खरा ऐवज चित्रकथीच्या, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगण्याच्या, पोथ्यांचा. पोथी म्हणजे सुट्या चित्रांची चळत. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, एक प्रसंग सांगून झाला की पान फिरवायचं. सांगणाऱ्याच्या हाती वीणा, साथीला टाळ आणि हुडुक. सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाने ठाकर मंडळी देवळांतून, गावोगाव ही पोथी वाचत. फिरतं प्रदर्शन ही कल्पना नवी नाही, हे सांगायला एवढा पुरावा पुरे.

म्हणूनच हे चित्र चौकटीत बसवलं की निम्मं हरवतं, आणि तेही अगदी शब्दशः, कारण पाठीमागचा प्रसंग भिंतीकडे तोंड करून बसतो. यावर कुणी म्हणेल, कोकणातला पाऊस आणि वाळवी यांतून कागद वाचवायचा तर काचच हवी. खरं आहे. जीर्ण पोथी पाण्यात सोडण्याची रीत होती. पुण्याच्या केळकर संग्रहालयाने जुनी चित्रं जपली नसती, तर आज अभ्यासायला फारसं हाती लागलं नसतं. पण मूळ प्रत जपणं वेगळं आणि कथा जपणं वेगळं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची बस २०१५ पासून शाळांच्या दारात जाते; तशा गाडीतून पोथीची नक्कल सहज फिरू शकते. दुसरा आक्षेप असा की पोथ्यांतलं रामायण-महाभारत सगळ्यांचंच, त्यात ठाकर समाजाचं काय? तर चित्र काढणारा हात, सांगण्याची ढब आणि देवळाशी पिढ्यान्‌पिढ्यांचं नातं. हे काचेआडच्या चिठ्ठीत मावत नाही, त्याला माणूस लागतो. त्यामुळे गाडीच्या डिझेलबरोबर सांगणाऱ्याची बिदागीही अंदाजपत्रकात धरावी लागेल, आणि नकला पिंगुळीतल्याच चित्रकारांकडून रंगवून घ्याव्या लागतील, दोन्ही बाजूंनी.