“बाई, कुणाला सांगू नका हं!”

मधल्या सुट्टीत एखादी मुलगी टेबलापाशी उगाच घुटमळते. बोलत काही नाही. मग मान खाली घालून भडाभडा सांगून टाकते, आणि लगेच म्हणते, “बाई, कुणाला सांगू नका हं!” आता बाईंनी काय करायचं?

मैत्रिणींनो, तुमच्यातल्या कुणी शिक्षिका आहेत, कुणी नर्स, कुणी घरी शिकवण्या घेतात. आणि शेजारीण तर आपण प्रत्येकजणच आहोत. म्हणून हा विषय. दुपारच्या चहाबरोबर वाचावा असा नाही, पण वाचाच.

मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, ज्याला सगळे ‘पॉक्सो’ म्हणतात, तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालची मुलगीही त्यात येते आणि मुलगाही. (‘मुलग्यांना काय होतंय?’ म्हणणाऱ्या आजीबाईंना हे मुद्दाम सांगा.) त्याचं एकोणिसावं कलम म्हणतं की, असा गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडेल अशी भीती वाटली, तर कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलंच पाहिजे. कोणत्याही, म्हणजे डॉक्टर आले, मुख्याध्यापक आले, आणि सख्खी आत्यासुद्धा आली. घडलेला गुन्हा माहीत असून कळवला नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. संस्थेचा प्रमुख हाताखालच्या माणसाच्या गुन्ह्याबद्दल गप्प बसला, तर एक वर्षापर्यंत कैद आणि वर दंड. मूल स्वतः बोललं नाही, तर त्याला मात्र यात शिक्षा नाही.

‘मोठ्या बाईंच्या कानावर घातलं, सुटले!’ असं पुष्कळजणींना वाटतं. तसं नाही. कायद्याने पोलिसांना कळवायला सांगितलंय, मोठ्या बाईंना नव्हे. शाळेचं नाव खराब होईल म्हणून प्रकरण आत मिटवणं तर फारच महागात पडतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या प्रकरणात, कळूनही खबर दिली नाही असा आरोप एका डॉक्टरांवर होता. उच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. वेळेवर खबर मिळाली नाही तर कायद्याचा हेतूच फसतो, असं न्यायालयाने बजावलं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुरड्यांचं प्रकरण तर सगळ्यांना आठवत असेल. तिथेही खबर न दिल्याबद्दल शाळेच्या चालकांवर वेगळा गुन्हा नोंदवला गेला.

“पण शंका खोटी ठरली तर?” चांगल्या हेतूने दिलेल्या खबरीबद्दल तुमच्यावर कारवाई होत नाही. सूड म्हणून खोटं रचलं तर शिक्षा आहे, ती वेगळी गोष्ट. पुरावा शोधणं पोलिसांचं काम आहे, आपण डिटेक्टिव्ह व्हायचं नाही.

मुलीला ठाण्यात खेटे घालावे लागतील, ही भीतीही असते. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची तपासणी स्त्री-डॉक्टरनेच करायची, जवळ आई-वडील किंवा विश्वासाचं माणूस हवं. नाव-गाव वर्तमानपत्रात येता कामा नये. कागदावरचं सगळं प्रत्यक्षात घडतंच असं नाही हो! म्हणून तर आपल्याला ते माहीत हवं, म्हणजे तिथे ठामपणे मागता येतं.

आता त्या टेबलापाशी उभ्या मुलीचं. ‘नाही सांगणार’ असं वचन देऊ नका. “तुला मदत करू शकेल अशा माणसालाच सांगीन,” म्हणा. ती बोलेल तेवढं ऐका, खोदून खोदून विचारू नका, चेहरा घाबरा करू नका. नंतर तिचेच शब्द तारीख घालून लिहून ठेवा. ज्याचं नाव तिने घेतलं, त्याला बोलावून समोरासमोर तर मुळीच करू नका.

हे सगळं उपजत येत नाही, शिकावं लागतं. २०२० च्या नियमांत तसं आहेच: मुलांशी संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि ठरावीक काळाने प्रशिक्षण. बऱ्याच ठिकाणी प्रशिक्षण म्हणजे एक भाषण, चहा-बिस्किटं आणि हजेरीवर सही! पुढच्या पालकसभेत गॅदरिंगच्या वर्गणीवर वाद घालण्याआधी विचारा, प्रशिक्षण शेवटचं कधी झालं? बसवाले काका आणि शिपाई त्याला होते का?

सर्वांत कठीण वेळ येते ती आरोपी घरातलाच असतो तेव्हा. आई पाया पडते, “बाई, घर मोडेल, कमावता तोच आहे.” ऐकून पोटात कालवतं. पण कायद्यात याला सूट नाही, आणि मला विचाराल तर नसावीच. ते घर त्या मुलीला रोज रात्री काय देतं, तेही बघायला हवं ना? खबर मिळाली की पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. मूल त्या घरात सुरक्षित आहे का, हे समिती बघते. आईशी बोलायला समुपदेशकही मागता येतो.

पोलिसांकडे एकटीने जायला धीर होत नसेल, तर आधी १०९८ फिरवा. मुलांसाठीची ही फोनसेवा १९९६ साली मुंबईत सुरू झाली. दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत. पुढे काय करायचं, कुठे जायचं, ते तिथली माणसं सांगतात.